तीन ते पाच

अकरा वर्षांची रजिस्टरं
तिनं महिनाभर बसून मशीनला भरवली.
काही पानांवर चहाच्या कपाचे गोल,
एका जुलैला पालीची शेपटी चिकटलेली,
आणि बहुतेक ठिकाणी माझं अक्षर,
डावीकडे कललेलं.

शिवलीला हत्तुरे, वय सव्वीस,
जुळे सोलापूरहून स्कूटीवर येते.
नाकाला रुमाल लावत नाही,
हे मी पहिल्याच दिवशी बघून ठेवलं.
म्हणाली, काका, याला शिकवायचं नसतं,
नुसतं दाखवत राहायचं:
मैलापाणी किती आलं, हवा किती सोडली,
अर्ध्या तासात गाळ किती बसला.
मग ते आपलं आपण सांगतं
ब्लोअर कधी वाढवायचा, कधी दमानं घ्यायचं.

म्हटलं, आमचे नान्ना असेच शिकले.
भद्रावती पेठेत रंगाच्या हौदावर,
हात कोपरापर्यंत कधी हिरवा, कधी जांभळा.
पाण्याला नीळ्ळु म्हणायचे
आणि बोट बुडवून सांगायचे, सूत काढा.
कुणी शिकवलं विचारलं तर म्हणायचे,
"बिघडलेल्या चादरींनी."

ती हसली नाही. वहीत लिहून घेतलं.

दोन आठवड्यांनी स्क्रीनवर एक उंचवटा आला.
दर पाचव्या दिवशी, सकाळी,
पाणी फुगतं आणि पातळ होतं.
ती कॅलेंडर घेऊन बसली,
सण बघितले, बाजार बघितले, अमावास्यासुद्धा.
अगं, म्हटलं, त्या दिवशी नळ येतो.
ताजं भरायच्या आधी बाया
पिंपाच्या तळातलं शिळं ओततात,
दारं धुतात, गोधड्या भिजवतात.
पाच दिवस तांब्या-तांब्यानं जपलेलं
तासाभरात आपल्याकडं येतं.
मशीननं नळ बघितला नव्हता, पिंप बघितलं नव्हतं,
तरी त्यानं ओळखलं
की हे गाव पाचव्या दिवशी हात सैल सोडतं.
मला त्याचं कौतुक वाटलं. खरंच वाटलं.

मग तिनं दुसरी रेघ दाखवली.

रात्री तीन ते पाच.
ऑक्सिजन दोन पूर्णांक शून्य,
दोन पूर्णांक शून्य,
दोन पूर्णांक शून्य.
मे महिन्यात तेच, थंडीत तेच,
नाल्यात कुणी चोरून रंग सोडला त्या रात्रीही तेच.
"मॉडेल म्हणतं, या वेळी हवा कमी चालेल.
बाकी ठिकाणी अडखळतं, काका,
इथं मात्र त्याला पक्की खात्री आहे."

बाहेर ब्लोअर घुमत होता.
टाकीच्या कठड्यावर एक बगळा
एका पायावर, उगाच.

शिवलीला, म्हटलं, ते पाणी नाही.
ती आमची झोप आहे.
माझी, बिराजदारची, रिटायर झालेल्या मुल्लाची.
साडेपाचला उठून एका दमात भरायचो.
दोन शून्य लिहायला बरं पडतं.
कारण विचारशील तर मोठं काही नाही,
झोप यायची.

बराच वेळ ती काही बोलली नाही.
मग रात्रीचे ते सगळे रकाने
निळे करून पुसले. एक बटण.
अकरा वर्षं अशी जातात हे मला माहीत नव्हतं.
"आता याला इथलं काहीच येत नाही," ती म्हणाली.
मशीनबद्दल म्हणाली असावी.

नवे सेन्सर पुढच्या महिन्यात लागतील.
तोवर हातातलं मीटर आहे, टॉर्च आहे, मी आहे.

तीन वाजून दहा.
शून्य पूर्णांक सात.
टाकीत जे डोळ्यांना न दिसणारे जीव
आमच्या शहराची घाण खातात,
ते या वेळी इतकी वर्षं
कशावर श्वास घेत होते, कुणास ठाऊक.
ब्लोअर वाढवला. आकडा लिहिला.

तीन चाळीसला वास बदलला.
टॉर्च मारला तर पाणी
नान्नांच्या हातासारखं जांभळं.
रजिस्टरात रंगाचा रकाना नाही.
समासात लिहिला.